होजे रेयेसचे 131 ट्रिपल: तुलना कोणत्या मापाने करावी?

सरळरेघ
बेसबॉलपटू रेयेसचे कारकिर्दीत 131 ट्रिपल (एकाच फटक्यावर तिसरा बेस गाठणं). समकालीनांत कार्ल क्रॉफर्ड 123, केनी लॉफ्टन 116, जिमी रॉलिन्स 115, इचिरो 96. नुसत्या बेरजेत रेयेस पुढे, पण रॉलिन्स 2275 सामने खेळला, रेयेस 1877 आणि कार्ल 1716. मग भागायचं कशाने, सामन्यांनी की हिट्सनी (बेस गाठून देणारे फटके)? आणि शतकापूर्वीच्या सॅम क्रॉफर्डच्या 309 ट्रिपलशी हे आकडे ताडून बघण्यात अर्थ आहे का?

भागाकार
सामन्यांनी भागू नका. शेवटच्या इनिंगमध्ये नुसता धावायला उतरवला तरी तो पूर्ण सामना धरला जातो. 100 हिट्समागे काढलं तर कार्ल 6.4, रेयेस 6.1, लॉफ्टन 4.8, रॉलिन्स 4.7 येतात. इचिरो मात्र 3.1 वर घसरतो, आणि हे माप इथेच फसतं. त्याच्या 3089 हिट्समध्ये इनफिल्डमधले (बेसच्या आसपासच्या भागातले) सिंगल, म्हणजे पहिल्या बेसपुरते हिट, ढीगभर आहेत. त्या चेंडूंवर तिसऱ्या बेसचा प्रश्नच येत नाही.

त्यापेक्षा डबल आणि ट्रिपल यांची बेरीज घ्या आणि त्यात ट्रिपल किती टक्के ते बघा. चेंडू लांब गेल्यावर गडी दुसऱ्यावर थांबला की तिसरा गाठला, एवढंच त्यातून कळतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय. कार्लचे डबल 309 (सॅमच्या ट्रिपलइतकेच, निव्वळ योगायोग), म्हणून 28.5 टक्के. रेयेस 387 डबलसह 25.3, लॉफ्टन 23.2, इचिरो 21, रॉलिन्स 511 डबलमुळे 18.4.

उजवा कोपरा
भागाकार बरोबर आहे, पण फलंदाज कोणत्या बाजूने उभा राहतो ते सोडून चालणार नाही. रिकी हेंडरसनने 1406 बेस चोरले (फटक्याविना पळून पुढचा बेस गाठला), तरी ट्रिपल फक्त 66 आणि टक्केवारी 11.5. पाय कमी पडले असं कोण म्हणेल? तो उजव्या हाताने मारायचा. त्या बाजूने जोरात ओढलेला चेंडू लेफ्ट फिल्डला जातो आणि तिथून तिसरा बेस जवळ. ट्रिपल पिकतो राइट फिल्डच्या कोपऱ्यात: फिल्डर भिंतीशी वाकून चेंडू उचलतो, वळतो, मधे आलेल्या सेकंड बेसमनकडे फेकतो, तो पुन्हा वळून तिसऱ्यावर फेकतो. तेवढ्यात वेगवान गडी तिसऱ्या बेसपर्यंतचे 270 फूट साधारण 11 सेकंदांत पळतो. रेयेस दोन्ही बाजूंनी खेळायचा, पण बहुतेक पिचर (चेंडू टाकणारे) उजव्या हाताचे, त्यामुळे जास्त वेळ डावीकडूनच.

मैदानही बघा. कर्टिस ग्रँडरसनचे 2007 मधले 23 ट्रिपल डेट्रॉइटच्या कोमेरिका पार्कातल्या हंगामातले. तिथे तेव्हा सेंटर फिल्डची भिंत 420 फुटांवर होती. कार्ल बरीच वर्षं टँपा बेच्या कृत्रिम गवतावर खेळला, तिथे चेंडू सपकन भिंतीपर्यंत जातो. घरचे आणि बाहेरचे ट्रिपल वेगळे काढल्याशिवाय कार्लला रेयेसच्या वर बसवू नका.

डेडबॉल
सॅम क्रॉफर्डला रेयेसशेजारी नको, टाय कॉबशेजारी उभा करा. दोघे 1905 ते 1917 डेट्रॉइटमध्ये एकत्र होते. काळ एक, घरचं मैदान एक. कॉबचे 295 ट्रिपल, 724 डबल: 29 टक्के. सॅमचे 309 आणि 458: 40.3! बेस चोरण्यात मात्र कॉब 897 आणि सॅम 367. म्हणजे सॅमचे ट्रिपल पायांपेक्षा मनगटातून आले. 1920 पूर्वीच्या त्या ‘डेडबॉल’ काळात मऊ पडलेला चेंडू भिंतीपार जात नसे, फिल्डरच्या डोक्यावरून जाऊन लांबच्या कुंपणाकडे घरंगळत राही. 1901 मध्ये सॅमच्या 16 होमरनपैकी (चारही बेस पूर्ण करणारे फटके) 12 मैदानाच्या आतच पळून काढलेले होते. 1920 नंतर तसले फटके थेट होमरन होऊ लागले, म्हणून 309 आता कुणाच्या आवाक्यात नाही.

स्कोअरबुक
प्ले-बाय-प्लेवरून (सामन्याच्या क्रमवार नोंदींवरून) स्वतः मोजणार असाल तर एक चूक हमखास होते. गडी तिसऱ्यावर दिसला की ट्रिपल लिहू नका. होमकडे फेक गेली म्हणून तो पुढे सरकला असेल तर स्कोअरर डबलच देतो. तिसऱ्यावर घसरत येऊन बेसच्या पुढे गेला आणि परतण्याआधी टॅग (चेंडूचा स्पर्श) होऊन बाद झाला, तरीही डबलच.