क्लॅटचा सराव खऱ्या परीक्षेसारखा कसा करावा?

प्रश्न (बारावीची विद्यार्थिनी, सातारा)

मी येत्या डिसेंबरमध्ये क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) देणार आहे. घरी मोबाईलवर सराव चाचणी सोडवते तेव्हा १२० पैकी ८५ च्या आसपास गुण पडतात. परंतु गेल्या रविवारी क्लासमध्ये छापील प्रश्नपत्रिका आणि ओएमआर पत्रिका देऊन चाचणी घेतली, तेव्हा गाडी ६३ वरच अडली आणि शेवटचे दोन उतारे वाचायचेसुद्धा राहिले. अभ्यास तोच असताना एवढा फरक का पडावा, आणि घरच्या घरी तो कसा भरून काढावा?

उत्तर (विधी शाखा, चौथे वर्ष)

मोबाईलवर बोट टेकले की उत्तर नोंदले जाते, तर ओएमआरवर प्रत्येक गोल बॉलपेनने भरावा लागतो. त्याला पाच सेकंद धरले तरी १२० प्रश्नांची दहा मिनिटे होतात आणि आपल्याकडे एकूण मिनिटेच १२० असतात. तुमचे दोन उतारे बहुधा तिथेच गेले. कोऱ्या ओएमआरच्या प्रती काढून ठेवाव्यात आणि एक उतारा संपला की त्याचे गोल लगेच भरावेत. सगळे गोल अखेरीस भरण्याच्या फंदात पडू नये. मी सरावात ४७ वा प्रश्न सोडला आणि ४८ चे उत्तर त्याच्याच ओळीत भरले. चूक ६१ व्या प्रश्नाला ध्यानात आली, आणि पेनाची शाई काही खोडता येत नाही.

उत्तर (एक पालक, नाशिक)

वेळेकडेही पाहावे. परीक्षा दुपारी दोन ते चार असते आणि आमचे चिरंजीव पहाटे सहाला ताज्या डोक्याने पेपर सोडवून खूश होत. मग आम्ही रविवारी जेवण साडेबारालाच आटोपून, बरोबर दोनला त्याला जेवणाच्या टेबलाशी लाकडी खुर्चीवर बसवू लागलो. मोबाईल माझ्याकडे, मध्ये चहा नाही, उठणे नाही. पहिल्या रविवारी पावणेतीनला त्याला डुलकी लागली. (दुसऱ्या रविवारी पाहुणे आले, तो पेपर बादच धरला.)

उत्तर (सीईटी आणि क्लॅट दोन्ही दिलेला)

विधीच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची एमएच सीईटीही (महाराष्ट्र राज्याची प्रवेश परीक्षा) देणार असाल, तर तिचा सराव वेगळ्या दिवशी करावा. ती संगणकावर होते आणि तिच्यात चुकीला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. तीच सवय क्लॅटमध्ये नेली तर प्रत्येक चुकीमागे पाव गुण जातो. ३२ चुका म्हणजे आठ गुण. माझे तसेच झाले होते. तपासताना ठोकून दिलेल्या उत्तरांवर वेगळी खूण करावी, म्हणजे अंदाज किती महागात पडतात ते कळते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. मोबाईलवर मी चुकीचे गुण वजाच करत नव्हते, हे आता लक्षात आले. म्हणजे ते ८५ मुळातच फुगलेले होते. येत्या रविवारी दोन वाजता बसते आहे. घड्याळ आईकडे राहील.