काट्या गावाने स्वतःच टाकल्या होत्या, मग रोष नेमका कशाचा होता?

प्रश्न : शिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. कोरोनाच्या साथीत आमच्या गावाने 2020 च्या मार्च ते मे या काळात काय पाहिले आणि काय केले, याची नोंद राहावी म्हणून गेले काही महिने मी वडीलधाऱ्यांशी, बचत गटातील महिलांशी आणि रोजमजुरी करणाऱ्यांशी बोलतो आहे. बरेच काही हाती लागले, परंतु एका गोष्टीचा उलगडा होत नाही.

23 मार्चला राज्यात संचारबंदी लागली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. 24 मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी 21 दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. आमच्या गावात पोलीस किंवा तहसीलचा माणूस फिरकण्यापूर्वीच पोरांनी फाट्यावर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता अडवला होता. पाळीपाळीने पहारा बसला. 22 मार्चला थाळ्या वाजल्या, 5 एप्रिलला रात्री नऊ वाजता ओट्याओट्यावर दिवे लागले, आणि विरोधाचा म्हणावा असा सूर कोणाकडूनही निघाला नाही. हेच गाव मे महिन्यात मात्र स्वस्त धान्य दुकानासमोर भांडले, कापूस खरेदी केंद्रावर भांडले, आणि सर्वेक्षणाला आलेल्या आशाताईंच्या तोंडावर दोन घरांनी दार लावून घेतले.

"लोकांची भीती चेपली" हे उत्तर मला सगळीकडून मिळते, पण ते पटत नाही. मार्चमध्ये रोग मुख्यतः पुण्या-मुंबईत होता आणि मे महिन्यात तो अकोला, अमरावती, यवतमाळ या आपल्याच शहरांत पसरला होता. मग भीती वाढायला हवी होती. आपापल्या गावात काय घडले, आणि लोकांचे मन कोणत्या दिवशी फिरले, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर : माजी सरपंच, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

गुरुजी, मी तेव्हा सरपंच होतो आणि ग्रामस्तरीय समितीचा अध्यक्षही होतो. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, अंगणवाडीताई आणि आशाताई असे आम्ही सगळे त्या समितीत होतो. आमच्या गावातही काट्या पडल्या. मी त्या टाकायला सांगितले नव्हते, आणि काढायला सांगितले असते तर माझे कोणी ऐकलेही नसते, कारण तो गावाचा निर्णय होता.

मन फिरल्याचा दिवस मला आठवतो. मार्चचा शेवटचा आठवडा होता, गहू कापणीला आला होता आणि हरभऱ्याचे ढीग शेतात उघड्यावर पडले होते. केंद्र सरकारने 27 मार्चला शेतीची कामे, बाजार समित्या आणि शेतमालाची खरेदी टाळेबंदीतून वगळल्याचा आदेश काढला. हा आदेश माझ्या मोबाईलवर आला, मी तो चावडीवर वाचूनही दाखवला, आणि त्याच्या भरवशावर आमच्या गावचे दोघे जण विळा घेऊन पहाटे मोटारसायकलने शेताकडे निघाले. फाट्यावर पोलिसांनी त्यांना अडवून उठाबशा काढायला लावल्या आणि पायांवर काठ्याही मारल्या. त्यांनी आदेशाचे सांगितले, तर "असा आदेश आम्हाला आलेला नाही" असे उत्तर मिळाले. त्यातला एक जण साठीचा होता. संध्याकाळी तो माझ्या घरी आला आणि एवढेच म्हणाला, "भाऊ, तुम्हीच वाचून दाखवले होते ना?" त्यानंतर मी चावडीवर वाचलेल्या कागदाला गावात किंमत राहिली नाही. बंदी रात्रीतून गावापर्यंत पोहोचते आणि सवलत मात्र वाटेत अडकून पडते, एवढे त्या दिवशी सर्वांच्या लक्षात आले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात महिलांच्या जनधन खात्यांत 500 रुपये आले. खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकाप्रमाणे दिवस ठरवून दिले होते, 3 एप्रिलला शून्य आणि एक, 4 तारखेला दोन आणि तीन, याप्रमाणे. व्यवस्था चांगली होती. परंतु पैसे काढले नाहीत तर सरकार परत घेईल, अशी अफवा पसरली आणि बँकेसमोर उन्हात ही मोठी रांग लागली. दवंडी दिली, भोंग्यावरून सांगितले, उपयोग झाला नाही. आधी एकदा शब्द खोटा ठरलेला असला की दुसऱ्यांदा माणूस स्वतः जाऊन बघतो. त्या बायकांना मी आजही दोष देत नाही.

उत्तर : कापूस उत्पादक, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

गुरुजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या बैठकीच्या खोलीत पडले होते. 32 क्विंटल कापूस.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. आमच्याकडे कापूस दिवाळीपासून घरी येऊ लागतो, आणि ज्याला गरज असते तो लगेच विकतो. ज्याची थोडी ताकद असते तो भाव वाढेल म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवतो. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 5,550 रुपये होता आणि खाजगी बाजार त्याच्या खाली होता, त्यामुळे सगळ्यांचा डोळा सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) आणि राज्याच्या पणन महासंघाच्या हमीभाव खरेदी केंद्रांवर होता. मार्चच्या अखेरीस जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचे काम, बंद पडले आणि जिनिंगबरोबर खरेदीही थांबली. 31 मार्च ही पीककर्ज भरण्याची तारीख. शिवाय डिसेंबर 2019 मध्ये जाहीर झालेल्या कर्जमुक्ती योजनेचे आधार प्रमाणीकरणही टाळेबंदीत थांबले, म्हणजे यादीत नाव असलेल्यांनाही पुढचे कर्ज मिळेल की नाही, याची खात्री राहिली नाही.

एप्रिलच्या उत्तरार्धात खरेदी पुन्हा सुरू झाली, पण ती कशी, तर सातबारा आणि पीकपेरा जोडून बाजार समितीत नोंदणी करायची, फोनची वाट पाहायची, आणि दिवसाला मोजक्याच गाड्या आत घ्यायच्या. अंतर राखले जावे म्हणून गाड्यांवर मर्यादा आली, हे मला तेव्हाही समजत होते आणि आजही ते चूक होते असे मी म्हणत नाही. परंतु तालुक्यातील नोंदणी किती, रोजच्या गाड्या किती, आणि मृग लागायला दिवस किती उरले, हा भागाकार चौथीच्या पोराने केला असता. तो करून आमच्यासमोर येऊन कोणी सांगितले नाही. उन्हाळ्यात घरात साठवलेल्या कापसावर किडे होतात आणि अंगाला खाज सुटते. माझ्या दोन्ही मुलांच्या हातापायांवर पुरळ उठले होते आणि आम्ही सगळे अंगणात झोपत होतो. "घरातच राहा, सुरक्षित राहा" हे मोबाईलवर फोन लावण्याआधी रोज ऐकायचे, आणि घरात तर पाय ठेवायला जागा नव्हती.

माझा नंबर मेच्या अखेरीस लागला. मेटॅडोर भाड्याने केला, रात्री अकराला रांगेत लावला, दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रेडरने हात घालून पाहिले आणि अर्धी गाडी फरदडीची आहे असे सांगून परत पाठवली. शेवटच्या वेचणीचा माल होता, हे खरे आहे. पण तो मार्चमध्ये जसा होता तसा मे महिन्यात राहिला नव्हता, त्याचा रंगही गेला होता, आणि ते दोन महिने काही माझ्यामुळे गेले नव्हते. उरलेला माल गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला चार हजारांच्या आसपास दिला, कारण बियाणे घ्यायचे होते. त्या दिवशी केंद्रावर जे भांडले त्यांच्यात मी होतो. आमच्यातला एकही जण टाळेबंदी उठवा म्हणत नव्हता, सगळ्यांच्या तोंडाला गमछे बांधलेले होते. आम्ही तारीख मागत होतो.

उत्तर : आशा कार्यकर्ती, दक्षिण गडचिरोली

सरपंच भाऊ आणि शेतकरी दादा यांनी लिहिलेले खरेच आहे. तरीही काट्यांविषयी ज्या अभिमानाने बोलले जाते, त्यावर मला काही सांगायचे आहे, कारण काट्यांच्या बाहेर उभी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत.

आमच्याकडचे आणि चंद्रपूर जिल्ह्यातलेही मजूर धान निघाल्यानंतर मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. खम्मम, वरंगल या भागांत दोन-तीन महिने राहतात आणि काहींची मजुरी पैशांऐवजी मिरचीत असते. टाळेबंदी लागली तेव्हा तोडणी चालू होती. गाड्या बंद झाल्यावर माणसे पायी निघाली, मुख्य रस्त्यावर अडवतात म्हणून जंगलातून, आणि प्राणहिता ओलांडून. आमच्या गावचे 41 जण एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात परतले, त्यांच्यात एक बाळंतीण होती आणि तिचे मूल दोन महिन्यांचे होते. मिरचीची पोती तिकडेच राहिली होती. त्यांना गावाने आत घेतले नाही. शाळेत 14 दिवस ठेवावे असे ठरलेले होते, परंतु शाळा गावाच्या मध्यभागी असल्याने लोकांनी शाळेचे कुलूपही उघडू दिले नाही. अडवणारे कोणी परके नव्हते. काट्यांच्या या बाजूला सासरे होते आणि त्या बाजूला सून. पहिले तीन दिवस ती माणसे गावाबाहेर आंब्याखाली राहिली. चौथ्या दिवसापासून घराघरांतून डबे जाऊ लागले, आणि मग शाळा उघडली. जिल्ह्यात तोपर्यंत एकही रुग्ण सापडलेला नव्हता.

त्या वेळी मोह गळत होता. आमच्याकडे मोहफुलांवर वर्षाचे मीठ-मिरची आणि कपडालत्ता चालतो. पहाटे वेचायला गेले नाही तर जनावरे खातात. शाळेत बसलेल्या त्या बायकांना मी रोज ताप विचारायला जात असे आणि त्या मला मोह किती पडला ते विचारत असत. ज्यांनी वेचला त्यांचाही आठवडी बाजार बंद असल्यामुळे पडून राहिला.

आता दार लावून घेण्याविषयी. गुरुजी, माझ्याही तोंडावर दारे लागली. आमच्या हाती सर्वेक्षणाची वही होती: घरात किती माणसे, बाहेरून कोण आले, कोणाला ताप-खोकला आहे. पहिल्या फेरीत लोकांनी पाणी विचारले, बसायला बाज टाकली. दरम्यान शेजारच्या गावातून दोघांना रुग्णवाहिकेतून नेले, आणि त्यांना कुठे ठेवले आहे, जेवण मिळते का, कधी सोडणार, हे त्यांच्या घरच्यांना चार दिवस कळले नाही. दुसऱ्या फेरीत एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, तुझ्या वहीत नाव गेले की गाडी येते." मी त्यांच्याच गावची लेक, त्यांच्या नातवांना डोस देणारी, पण त्या वहीमुळे मी परकी झाले. मास्क मिळेपर्यंत मी ओढणी बांधून फिरले आणि कामासाठी केंद्राकडून महिन्याला 1,000 रुपये ठरले होते, हे सगळे मी सहन केले. ती चार दिवसांची निरुत्तर अवस्था मात्र मला भरून काढता आली नाही, कारण मलाही कोणी काही सांगत नव्हते.

उत्तर : निवृत्त इतिहास शिक्षक, अचलपूर, जि. अमरावती

ताईंनी सांगितलेली म्हातारी मला फार जुनी वाटते. 13 मार्च 2020 रोजी राज्याने जो साथरोग कायदा लागू केला तो 1897 चा आहे, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळी इंग्रज सरकारने केलेला. त्याचे उल्लंघन केले तर तेव्हा भारतीय दंड विधानाच्या कलम 188 खाली शिक्षा होती, आणि अंमल करणाऱ्या अधिकाऱ्याला कायद्याचे संरक्षण. नागरिकाला माहिती मिळण्याचा हक्क त्यात कुठेच नाही. त्याच वर्षी पुण्यात सैनिकांनी घरात शिरून रुग्ण शोधले, आणि त्या संतापातून 22 जून 1897 रोजी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. 2020 ची तुलना मी त्या अत्याचारांशी करत नाही. तसे करणे दिवसरात्र राबलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर अन्याय होईल. परंतु रुग्णाला नेतात आणि तो दिसत नाही, ही धास्ती घराण्यातून चालत येते.

दुसरी बाजूही आहे. प्लेगमध्ये गावे उठून शेतात झोपड्या घालून राहत, आणि 1918 च्या इन्फ्लुएंझाला, ज्याला आपले आजी-आजोबा मानमोडी म्हणत, वऱ्हाड-मध्यप्रांतात अतोनात माणसे बळी पडली. अंतर राखणे गावाला कोणी शिकवावे लागले नाही. म्हणून सरपंचसाहेबांचे म्हणणे मला मोलाचे वाटते: उपाय गावाला मान्यच होता. माझा आक्षेप एवढाच की 24 मार्चच्या त्या भाषणात घरी बसा हे स्पष्ट होते, आणि शेतमजुराने 25 तारखेला काय खावे याचे उत्तर दोन दिवसांनी, 26 मार्चच्या मदत घोषणेत आले. माणशी 5 किलो मोफत धान्य ही मोठीच मदत होती. तीच आधी सांगून मग दारे बंद करता आली असती.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. मी भीती मोजत बसलो होतो. मोजायचे होते ते हे की, माणसाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याला किती दिवसांनी मिळाले. आमच्या गावातील त्या दोन घरांकडे मी उद्याच जातो आणि त्यांच्यापैकी कोणाला नेले होते का, ते विचारतो. काट्यांबद्दलही माझ्या नोंदीत मी फक्त पहारा देणाऱ्यांचे लिहिले होते, बाहेर थांबलेल्यांचे नाही.

ताई, त्या 41 जणांची काही नोंद आपल्याकडे आहे का?

आशा कार्यकर्ती

सर, सर्वेक्षणाची वही जमा केली, पण शाळेत ठेवलेल्यांची यादी मी वेगळ्या कागदावर उतरवून घेतली होती. नावे झाकून तिची प्रत देते. त्यात रोजच्या तापाचे रकाने आहेत, आणि मागच्या बाजूला कोणाची किती पोती मिरची तिकडे राहिली ते त्यांनी मला लिहून ठेवायला लावले होते, सरकार विचारेल म्हणून. ते अजून कोणी विचारलेले नाही.