'वॉर्ड' या शब्दाला इतके अर्थ कसे आले?

प्रश्न:
१८९० चा 'गार्डियन्स अँड वॉर्ड्‌स' कायदा अभ्यासताना एक शंका आली. या कायद्यात 'वॉर्ड' म्हणजे ज्याच्या देखभालीची किंवा मालमत्तेची जबाबदारी पालकाकडे आहे असा अल्पवयीन मुलगा वा मुलगी. रुग्णालयात मात्र वॉर्ड म्हणजे खाटांचे दालन आणि महापालिकेत शहराचा प्रभाग. हे वेगवेगळे शब्द आहेत की एकाच शब्दाचे अर्थ? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर १:
शब्द एकच आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पहारा, राखण असा होता आणि राखण करणाऱ्या माणसालाही तोच शब्द लावत. पुढे ज्या जागेवर पहारा असे तिलाही तेच नाव मिळाले; किल्ल्याच्या तटबंदीआतले आवार, तुरुंगातील कोठड्यांचा भाग आणि नंतर रुग्णालयाचे दालन, असा तो अर्थ सरकत गेला. लंडन शहराचे वॉर्ड मध्ययुगापासूनचे असून प्रत्येकावर एक आल्डरमन (वॉर्डाचा निवडलेला प्रतिनिधी) असतो. आपल्याकडील महापालिकांचे वॉर्ड हे त्याच इंग्रजी व्यवस्थेचे वळण. मला सर्वांत मोलाचे वाटते ते 'लॉर्ड' या शब्दाचे मूळ: 'पाव' आणि 'राखणारा' (म्हणजे हाच 'वॉर्ड') अशा दोन जुन्या शब्दांचा तो जोड आहे, म्हणजे घरच्या अन्नाची राखण करणारा तो धनी.

उत्तर २:
वरील उत्तराला पुरवणी जोडतो. 'गार्डियन'ही याच कुळातला आहे. जर्मानिक भाषांतील (इंग्रजी, जर्मन ज्यात येतात त्या कुळातील) हा शब्द फ्रेंचमध्ये गेला तेव्हा आरंभीच्या 'व'चा 'ग' झाला, पण उत्तर फ्रान्समधील नॉर्मन बोलीत 'व' टिकून राहिला. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळात दोन्ही रूपे इंग्रजीत आली, म्हणूनच तिथे 'वॉर्डन' आणि 'गार्डियन' शेजारी नांदतात. 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' या जोडीतही हाच ध्वनिबदल दिसतो, मात्र तिचे मूळ वेगळे मानतात. तेव्हा आपण वाचत असलेल्या कायद्याच्या शीर्षकात राखणारा आणि राखला जाणारा हे दोघे एकाच धातूतून आले आहेत. मराठीत 'पालक' आणि 'पाल्य' यांचेही तसेच आहे.

उत्तर ३:
एक अर्थ राहिला. जुन्या पद्धतीच्या कुलपात आतल्या बाजूला धातूचे कंगोरे असतात. किल्लीच्या पात्याला त्यांच्याशी जुळणाऱ्या खाचा नसतील तर ती फिरतच नाही. कुलूप बनवणारे इंग्रज कारागीर या कंगोऱ्यांनाही 'वॉर्ड' म्हणतात.