मदत हवी आहे: बीपीटीएचनंतर (फिजिओथेरपीच्या पदवीनंतर) अमेरिकेत डीपीटी (फिजिओथेरपीतली डॉक्टरेट)

नमस्कार मंडळी, माझ्या धाकट्या बहिणीची बीपीटीएचची शेवटची सहा महिन्यांची इंटर्नशिप चालू आहे. अर्धांगवायूच्या रुग्णांना पुन्हा चालतं करण्याचं काम तिला मनापासून आवडतं. लग्नानंतर ती न्यू जर्सीला जाणार आहे आणि तिथेही हेच काम करायचं म्हणते. तिच्यापुढे दोन वाटा आहेत. पीटीकॅस या डीपीटी प्रवेशाच्या सामायिक ऑनलाइन सेवेवरून अर्ज करून तीन वर्षांचं पूर्ण डीपीटी करायचं, किंवा इथल्या पदवीचं एफसीसीपीटी या परदेशी फिजिओथेरपी पदव्या तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेकडून मूल्यांकन करून घेऊन एनपीटीई या तिथल्या परवान्यासाठीच्या परीक्षेला बसायचं. मूल्यांकनात आपल्या अभ्यासक्रमातले कोणते विषय कमी पडतात? ते ऑनलाइन भरून काढता येतात का? खर्चाचा अंदाजही हवा आहे, बाबा निवृत्त झालेत. या वाटेने गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.