मातीच्या खासगी बांधात पाइपाशेजारून पाझर, बाहेरून बुजवावा का?

ओढाकाठ: शेतातल्या ओढ्यावर मातीचा खासगी बांध आहे. उंची 6 मीटर, पाणलोट साधारण 100 हेक्टर, बराचसा मुरमाड माळ. सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) 6 मीटर लांब, माथ्यापासून 1 मीटर खाली. तलाव भरला की सिमेंट पाइपाच्या बाहेरच्या तोंडाशेजारून पाणी झिरपतं. 20 लिटरची बादली 50 सेकंदांत भरते. माथा मधोमध 20 सेंमी दबलाय. मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळी लावलीय. पाझर बाहेरून सिमेंटने बुजवला तर चालेल?

भरावकाम: अजिबात बुजवू नका. तोंड बंद केलं की पाणी भरावातच तुंबतं आणि दुसरीकडून फुटतं. आधी पाणी काचेच्या बाटलीत धरून रात्रभर ठेवा. तळाशी गाळ बसला तर भरावातली माती वाहून चाललीय. पाइपाच्या बगलेत धुमस (माती ठोकायचं अवजार) नीट बसत नाही, तिथली पोकळी पाणी हळूहळू रुंद करतं.

गाळ दिसला तर त्या जागी 20 सेंमी जाड वाळू, त्यावर तेवढीच 10 ते 20 मिमीची खडी आणि वर दगड टाका. पाणी निघून जाऊ दे, माती अडली पाहिजे. तलाव रोज 30 सेंमीहून जास्त उतरवू नका, नाहीतर आतला ओला उतार घसरतो. मात्र गढूळ धार वाढत चालली तर हा हिशेब सोडा, खालच्या वस्तीला तात्काळ उठवा आणि बांधावर कुणी थांबू नका. तिवरे धरण 2 जुलै 2019 ला रात्रीच फुटलं होतं.

सांडवा_हिशेब: पाझराइतकीच मला सांडव्याची काळजी वाटते. तासाला 50 मिमी पाऊस आणि त्यातला 60 टक्के वाहून आला तर 100 हेक्टरांतून सेकंदाला सुमारे 8.3 घनमीटर पाणी येतं. तेवढं तुमच्या 6 मीटरच्या सांडव्यावरून जायला पाण्याची जाडी 87 सेंमी लागते. दबलेल्या जागी माथा फक्त 80 सेंमी वर आहे, म्हणजे पाणी बांधावरून जाणार, आणि मातीचा बांध ते सोसत नाही. जाडी 50 सेंमीवर ठेवायची तर सांडवा 14 मीटर हवा. जाळी आजच काढा. काटक्या आणि पाला अडकला की तोच सांडवा निम्मा होतो.

ओढाकाठ: जाळी काढतो. पाइपाचं कायमचं काम कसं करायचं? बाहेरच्या उतारावर बाभळीही आहेत.

भरावकाम: उन्हाळ्यात तलाव रिकामा करून पाइपापर्यंत चर खोदा, बाजू उभ्या नकोत, 1:1 (जितकी खोली तितकाच बाजूला उतार) किंवा त्याहून सपाट ठेवा. चिकणमाती 15 सेंमीच्या थरांनी भरा. मुठीत गोळा वळेल पण हाताला चिकटणार नाही, इतकीच ओल हवी. पाइपाच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागाभोवती मातीऐवजी स्वच्छ जाड वाळू घाला. लहान बाभळी मुळासकट उपटा. मोठ्या तोडून नुसत्या सोडू नका, मुळं कुजली की तीच पाण्याची वाट होते. बुंधा आणि जाड मुळं काढून खड्डा थरांनी ठोकून भरा. माथाही मधे 20 सेंमी चढवा, आणि पाऊस सुरू होण्याआधी लेव्हल लावून तपासा.