आईला पिल्लासाठी कसं पटवू? लवकर सांगा

निळीछत्री:
मला कुत्र्याचं पिल्लू हवंय आणि आई काही केल्या ऐकत नाहीये. लहानपणापासून मागतेय, आधी निदान 'बघू नंतर' तरी म्हणायची, आता विषय काढला की सरळ उठून आत जाते. मैत्रिणीच्या कुत्रीला पिल्लं झालीयेत, त्यातलं एक पुढचे दोन्ही पाय पांढरे असलेलं, त्याला उचललं की तोंड माझ्या कोपराच्या बेचक्यात खुपसून झोपतं, मला तेच हवंय. ते लोक फार थांबणार नाहीत, अजून एकांनी विचारलंय. सगळं मी करीन म्हणून सांगून झालं, लिहून देते म्हटलं, बाबांना मध्ये घातलं, रडून झालं. 'जबाबदारी असते' वगैरे माहितीये मला, ते नका सांगू. आईला पटवायचं कसं तेवढं सांगा.

वाटसरू:
आई नाही का म्हणतेय तेच लिहिलं नाहीत. घाण होईल म्हणून, भीती वाटते म्हणून, खर्च म्हणून, का कोणाला अ‍ॅलर्जी आहे म्हणून? प्रत्येकाला उत्तर वेगळं. आणि घर स्वतःचं का भाड्याचं, दिवसभर घरी कोण असतं, पिल्लू केवढं आहे?

भूभूपुराण:
एवढं विचारत बसलात तर या जन्मात पिल्लू येणार नाही. सरळ घेऊन या घरी. माझ्या भावाने असंच आणलं होतं, आईने अबोला धरला, पण थोड्याच दिवसांत स्वतःच त्याला भरवायला लागली. आता तो आमचं कोणाचं ऐकत नाही, फक्त आईचं ऐकतो. आयांचा विरोध पिल्लू मांडीवर येईपर्यंतच असतो.

पट्टासाखळी:
भूभूपुराण, हात जोडून सांगते, हा सल्ला देऊ नका. तुमच्याकडे जमलं, आनंदच आहे. मी सुट्टीच्या दिवशी एका निवाऱ्यात कामाला जाते. घरच्यांना न विचारता आणलेली पिल्लं लोक तिथे सोडायला येतात, आणि तोवर ती पिल्लं राहिलेली नसतात, आठ-नऊ महिन्यांची दांडगी झालेली असतात, ना पट्ट्याची सवय ना शी-शूची. त्या वयाच्या कुत्र्याला चटकन घर मिळत नाही. परवा एक जण आला, गेटला साखळी अडकवली, सही केली आणि गाडीत जाऊन बसला. गाडी वळेपर्यंत कुत्री तिच्याकडे बघून शेपटी हलवत होती.

भूभूपुराण:
सगळेच सोडत नाहीत. आम्ही नाही सोडलं.

पट्टासाखळी:
तुमच्या आईने सांभाळलं म्हणून.

मांजरमित्र:
मांजर पाळा की. फिरायला न्यावं लागत नाही, भुंकत नाही, पिल्लू असलं तरी वाळूचा ट्रे फार पटकन शिकतं. ट्रेची कड बुटकी घ्या, खायच्या भांड्यापासून लांब ठेवा आणि सुगंधी वाळू घेऊ नका, बऱ्याच मांजरांना तो वास आवडत नाही. आईचा अर्धा विरोध तिथेच मावळेल.

निळीछत्री:
मांजर नकोय हो मला. वाटसरू, घर स्वतःचं आहे. आई म्हणते 'शेवटी सगळं माझ्यावरच येणार', दरवेळी हेच एक वाक्य, आणि मी दहादा सांगितलंय की नाही येणार. दिवसा आईच घरी असते, ती घरूनच काम करते, म्हणजे पिल्लू एकटं पण नाही पडणार. पिल्लू सहा आठवड्यांचं आहे. अ‍ॅलर्जी कोणाला नाही, बाबांना धुळीने शिंका येतात तेवढंच.

सांजवेळ:
बाबांना शिंका येत असतील तर पूडल घ्या, त्याने अ‍ॅलर्जी होत नाही. हस्की चुकूनही नको, आमच्याकडे आहे, वर्षातून दोनदा असा केस गाळतो की झाडून झाडून हात दुखतात.

दवाखान्यातला:
पूडलने अ‍ॅलर्जी होत नाही हे खरं नाही. अ‍ॅलर्जी केसांची नसते, लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, ती सगळ्याच जातींत असतात. पूडलचे केस कमी गळतात एवढंच. बाबांना आधी कुत्रा असलेल्या घरात दोन-चार वेळा बसवून बघा.

आता मूळ मुद्दा. मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. सहा आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडायचं नसतं, निदान आठ आठवडे होऊ द्या. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो, त्यातून किती जोरात चावायचं ते कळतं. लवकर उचललेली पिल्लं पुढे हातापायांना फार चावतात. लसी सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू होतात आणि दर दोन ते चार आठवड्यांनी १६ आठवड्यांपर्यंत चालतात, डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे जिवावरच्या रोगांच्या, रेबीजची साधारण तीन महिन्यांनंतर. पार्व्होला हलकं घेऊ नका, लस न झालेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. तेव्हा ते लोक घाई करत असतील तर त्यांनाच सांगा की अजून दोन आठवडे ठेवा.

सांजवेळ:
आमच्या डॉक्टरांनी तर पूडलच सांगितलं होतं.

दवाखान्यातला:
केस कमी गळतात म्हणून सांगितलं असेल. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला पूडलनेही त्रास होतो, आमच्याकडे असे लोक येतात.

टांगलेलीछत्री:
अवांतर: आमचं चार महिन्यांचं पिल्लू चपला, खुर्चीचे पाय, सगळं कुरतडतंय. ओरडून उपयोग नाही. काय करावं?

दवाखान्यातला:
त्या वयात दुधाचे दात पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात, हिरड्या शिवशिवतात. ओला फडका पिळून फ्रीझरमध्ये गोठवून द्या चावायला, समोर राहून, म्हणजे फाडून गिळणार नाही. आणि चपला वर ठेवा, पिल्लाला चप्पल आणि खेळणं यातला फरक कळत नाही.

वाटसरू:
टांगलेलीछत्री, वेगळा धागा काढा प्लीज. निळीछत्री, आई 'माझ्यावर येणार' म्हणते त्यावर 'नाही येणार' हे उत्तर होत नाही, ते तर तुम्ही इतकी वर्षं देताय. करून दाखवा. पिल्लू नसतानाच सुरू करा, रोज पहाटे उठून अर्धा तास चालून या, संध्याकाळी परत, पावसात पण. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त शू धरू शकत नाही, म्हणजे रात्री एक-दोनदा उठायचं, तर मध्यरात्रीचा गजर लावा आणि खरंच उठून दारापर्यंत जाऊन या. आई बघत असते, बोलत नाही पण बघत असते. आणि एक राहिलं, तुम्ही काय करता? नोकरी, शिक्षण?

निळीछत्री:
शिकते. पहाटे उठायची आयडिया चांगली आहे, उद्यापासून करते. पण ती पिल्लं तोवर राहणार का हा प्रश्न आहे. आणि मी काही महिन्यांनी पुढच्या शिक्षणाला बाहेर जाणार आहे, हॉस्टेलला, तर तोवर त्याला सगळं शिकवून होईल ना? सहा महिन्यांत पिल्लू शहाणं होतं असं ऐकलंय.

वाटसरू:
अहो मग हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना!

पट्टासाखळी:
+१

निळीछत्री:
त्याचा काय संबंध? सगळ्यांनाच बाहेर जावं लागतं. सुट्टीत येणारच आहे.

दोघांचीआई:
मी तुझ्या आईच्या वयाची असेन म्हणून अगंतुगं करते. माझ्या मुलाने कुत्री आणली, दोन वर्षांनी तो शिकायला गेला, आता नोकरीही तिकडेच. मनापासून करायचा तो, त्यात खोट नव्हती. आज ती कुत्री अकरा वर्षांची आहे. सकाळी साडेपाचला नाकाने माझी चादर ओढते, गुडघा दुखत असला तरी जावंच लागतं, बहिणीकडे राहायला जायचं तर आधी हिची सोय बघायची. औषधाच्या गोळ्या मीच भरवते, जबडा उघडून जिभेच्या मागे ठेवायची आणि गळा चोळायचा. माझा जीव आहे तिच्यावर, तिच्याशिवाय घर नकोच वाटतं. पण मला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. सगळे मला 'पटवत' होते. कुत्रा बारा-तेरा वर्षं जगतो, त्यातलं एकसुद्धा वर्ष पुरतं तुझ्या वाट्याला येत नाही, तुझी आई खोटं काय बोलतेय?

भूभूपुराण:
मग काय, शिकणाऱ्या मुलांनी कुत्रा पाळायचाच नाही का? असं म्हटलं तर कोणीच कधी पाळणार नाही. प्रेम लागतंच ना.

दोघांचीआई:
पाळावा की. पण मग तो आईचा कुत्रा असणार हे धरून आईला विचारावं. 'मला घेऊ दे' असं नाही, 'आई, तुला आवडेल का, तुला झेपेल का, मी गेल्यावर फिरवायला बाबा की माणूस ठेवायचा' असं. आणि ती नाही म्हणाली तर ते ऐकून घ्यायचं.

मांजरमित्र:
मांजराला हे काहीच लागत नाही, मी म्हटलं होतं.

निळीछत्री:
काल रात्री बोलले आईशी. रडले नाही, मागितलं पण नाही, फक्त दोघांचीआईंनी लिहिलंय तसं विचारलं. ती बराच वेळ बोलली. फिरवायला तिला आवडेल म्हणाली, डॉक्टरने चालायला सांगितलंच आहे, घाणीचं पण काही नाही. तिला भीती रात्री उठायची आहे आणि कॉल चालू असताना पिल्लू रडलं तर काय करायचं याची, कारण कामात तिचे सलग तास कॉल असतात. आणि मी गेल्यावर बाबा सकाळचं फिरवणं घेतील का, हे त्यांनी अजून कधीच नीट सांगितलेलं नाही म्हणे. मोठा कुत्रा असता तर विचार केला असता, असं म्हणाली. मैत्रिणीला मी सांगितलंय की पिल्लू त्या दुसऱ्या लोकांना देऊन टाक. खूप वाईट वाटतंय. पट्टासाखळी, मोठा कुत्रा थोडे दिवस सांभाळायला देतात का तुमच्याकडे? कायमचा नाही, आधी बघायला.

पट्टासाखळी:
देतो. आमच्याकडे काही आठवड्यांसाठी देतात, खाणं आणि औषध निवाऱ्याकडून, तुम्ही जागा आणि वेळ द्यायचा. तिघंही येऊन भेटा, आईला तर आणाच, बाबांच्या शिंकांचंही तिथेच कळेल. विचारताना हे विचारा: एकटं ठेवलं तर रडतं का, पट्ट्यावर ओढतं का, पायऱ्या चढतं का, आवाजाला घाबरतं का. चार-पाच वर्षांच्या पुढचं, घरात राहिलेलं मागा, अशी कुत्री रात्रभर झोपतात आणि दिवसाही बराच वेळ लोळत असतात, आईच्या कॉलच्या वेळी पायाशी पडून राहतील. पहिले काही दिवस कदाचित नीट खाणार नाही, कोपऱ्यात बसेल, त्याला तसंच बसू द्या, मागे लागू नका. आणि सकाळचं फिरवणं पहिल्या दिवसापासून बाबांना करू दे, तू नको करूस.