तरुण संघात चित्रपटगीतांच्या आधारे विश्वासाचे शिक्षण द्यावे का?

तरुण संघाचे शिक्षक, जालना
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. गेले चार महिने मी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात एक पद्धत वापरतो आहे. मुलांनी त्या आठवड्यात सतत ऐकलेले गाणे, मग ते चित्रपटातले असो वा रॅप, आधी ऐकायचे; ते प्रेमाविषयी, पैशाविषयी किंवा एकटेपणाविषयी नेमके काय सांगते हे लिहून काढायचे आणि त्यानंतरच पवित्र शास्त्र (बायबल) उघडायचे. विरहाच्या एका गाण्यानंतर आम्ही स्तोत्र १३ वाचले, ज्यात स्तोत्रकर्ता देवाला पुन्हा पुन्हा ‘कोठवर?’ असे विचारतो. आईवडील ऊसतोडीला गेले की कित्येक महिने आजीजवळ राहणारा, एरवी तोंडही न उघडणारा एक मुलगा तेव्हा म्हणाला, “सर, देवाला असं विचारलेलं चालतं?” मंडळीतील वडीलधाऱ्यांना मात्र ही गाणी उपासनेच्या जागेत नको आहेत. आपले मत काय?

शब्बाथशाळेच्या शिक्षिका, बीड
सर, तुमच्या तळमळीविषयी मला शंका नाही, पण क्रमाविषयी आहे. प्रश्न नेहमी चित्रपटाने विचारायचा आणि शास्त्राने केवळ उत्तर द्यायचे, अशी सवय लागली तर पवित्र शास्त्राला स्वतःचे काही विचारायचे असते हे मुलांना कळणारच नाही. गाण्यातील आशयापेक्षा गायनच आपल्याला अधिक हेलावते तेव्हा आपण पाप करतो, अशी कबुली प्राचीन ख्रिस्ती धर्मगुरू संत ऑगस्टीन यांनी दिली आहे, आणि ती तर चर्चमधील गायनाबद्दल होती! ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गीते ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतसंग्रहात असूनही मुलांना परकी वाटतात, कारण त्यांच्या चाली शिकवणे आपणच सोडले.

एक वाचक, पैठण
ताई, टिळकांचेच उदाहरण आपल्या मताविरुद्ध जाते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीतांवर समाधान न मानता अभंग आणि कीर्तन मंडळीत आणले. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स या इंग्रज मिशनऱ्यांचे, येशूची कथा सांगणारे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत छापले गेले. आमच्या गावचे एकनाथ महाराज तर वासुदेव, जोशी, गोंधळी यांच्या तोंडून भारुडात परमार्थ सांगत. लोकांच्या कानात जे आहे, त्यातूनच त्यांच्यापर्यंत पोहोचावे लागते.

शब्बाथशाळेच्या शिक्षिका, बीड
ओवी आणि अभंग आधीपासूनच भक्तीसाठी रुळलेले होते, चित्रपटगीत विक्रीसाठी बनते. हा भेद मला छोटा वाटत नाही. भारुडाचा मुद्दा मात्र मी मान्य करते. पण नाथांनी लोकांचा बाज घेऊन रचना स्वतः केली, दुसऱ्याचे गाणे जसेच्या तसे लावले नाही. सर, तुमच्या मुलांना स्वतः लिहू द्या.

तरुण संघाचे शिक्षक, जालना
ताई, हे मला पटले. येत्या रविवारी स्तोत्र आधी वाचू आणि त्यावर मुलांनाच ढोलकीच्या ठेक्यावर चार ओळी रचायला सांगेन. मात्र तो मुलगा पुन्हा गप्प झाला, तर मी जुन्या क्रमाकडे परत वळेन, आणि वडीलधाऱ्यांनाही तेच सांगेन.